आधण ठेवलं, अर्थिंग केलं

गावाजवळच्या बरुआसागरच्या बाजारातून आल्याची पिशवी घेऊन येताना स्कूटरसमोर गाय आली आणि मी डोक्यावर आपटलो. मेंदूचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, चालणं-बोलणं परत आलं, पण कामांचा क्रम डोक्यातून निसटला. राहिलेलं काम केल्यासारखं वाटायचं आणि केलेलं मी पुन्हा करायचो. माझ्या हातचा तीनदा साखर पडलेला चहा पाहुणे निमूट प्यायचे.

खरी पंचाईत नोकरीची होती. मी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगचा इंजिनिअर. तिथे चाचणी संपली की आधी सप्लाय बंद करायचा, मग लांब काठीने अर्थिंग करून उरलेली वीज जमिनीत सोडायची आणि त्यानंतरच ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या जाळीचं दार उघडायचं. मधलं काम राहिलं तर आत जाणारा माणूस जागच्या जागी संपतो. साहेबांनी मला ऑफिसात टेबल दिलं. बसून पगार! लोकांना हेवा वाटायचा, मला रडू यायचं.

तोड बायकोने काढली. आमच्या घरात पूर्वीपासून एक खोड आहे. बाहेर पडताना घरातली बाई मोठ्याने म्हणत निघते, "गॅस बंद केला, मागचं दार लावलं, देवापुढचा दिवा शांत केला." मी आधी आईची आणि मग बायकोची यावरून टिंगल करत आलो. आता तीच म्हणाली, "करायचं आणि बोलायचं. बोलल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही."

मग मी ओट्याशी उभा राहून सुरू झालो. "आधण ठेवलं. आलं घातलं. साखर घातली." आम्ही राहतो हिंदी मुलखात, त्यामुळे आमची मुलगी मराठीला उत्तर हिंदीतच देते. ती म्हणायची, "बाबा, पूरे मोहल्ले को पता है शक्कर डल गई." आमच्या दतिया गेट मोहल्ल्यात भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पण चहा जमायला लागला, आणि पाहुणे दुसरा कप मागू लागले.

त्या चहाच्या भरवशावर मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "थोडे दिन देखते हैं. एक गलती, और वापस टेबल पर." मी टेस्टिंगला परतलो आणि जाळीपाशी घरच्यासारखा मराठीत ओरडू लागलो, "सप्लाय बंद केला! अर्थिंग केलं!" हाताखालची माणसं सगळी इकडची, बुंदेली बोलणारी. आधी एकमेकांकडे बघून हसली. मग त्यांना सवय झाली. माझं दुसरं वाक्य कानावर पडेपर्यंत दाराची कडी कुणी काढेना.

एक दिवस साहेब स्वतः चाचणी बघायला आले. चाचणी संपली, मी "सप्लाय बंद केला" म्हणालो, तेवढ्यात साहेबांनी काही विचारलं. मी उत्तर दिलं आणि हाताने खूण केली, चला आत. कुणी हललं नाही. मी चिडून म्हणालो, "अरे, चलो!" जुना टेक्निशियन कडीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "साब, अर्थिंग नहीं बोले."

मी वळून पाहिलं. काठी आपल्या जागी तशीच टांगलेली होती. काठी उचलून अर्थिंग केलं, आणि तसं म्हणालो. संपलं, असं मनात आलं.

साहेबांनी टेक्निशियनला विचारलं, "भूल गए थे न?"

"भूले थे, साब. पर हम लोग गए नहीं."

साहेब म्हणाले, "कल से दूसरी शिफ्ट भी बोलेगी. एक बोले, दूसरा जवाब दे, तब दरवाज़ा खुले." मला टेबलाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

घरी आलो तेव्हा बायको तोंडाकडेच बघत होती. "काय झालं?"

"विसरलो."

"मग?"

"तरी ठेवलंय मला."

तिने डोळ्यांना पदर लावला. मी ओट्याशी गेलो आणि आधण ठेवलं. बोलायचं राहिलं, तर आतल्या खोलीतून मुलगी मराठीत ओरडली, "बाबा, आधण ठेवलं का?"

"ठेवलं," मी ओ दिली.