बाराव्या कडव्याआधी

किसनराव गुरुजी चुकले, पण अगदी मनापासून चुकले. आळशी मास्तर असते तर बादल नावाच्या पोराचं एवढं वाटोळं झालं नसतं.

पंचवीस वर्षांपूर्वी ते बंजारा तांड्यावरच्या दोनखोली शाळेत रुजू झाले. माणूस राळेगावकडचा, कापूस-तुरीच्या घरातला. लहानपणी त्यांच्या मास्तरांनी कान पिरगाळून 'मले, तुले'चं 'मला, तुला' करून घेतलं होतं, आणि त्या पिरगाळलेल्या कानामुळेच आपल्याला नोकरी लागली अशी त्यांची पक्की समजूत. तांड्यावरची पोरं घरी गोरबोली बोलत. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात नियम केला: वर्गात मराठीच. गोरबोलीचा शब्द तोंडातून निघाला की उंबऱ्याबाहेर उभं राहायचं.

पोरींचं निभलं. त्यांना घरी शेण, पाणी, धाकटी भावंडं. शाळा म्हणजे त्यांचा विसावा. कळो न कळो, फळ्यावरचं वळणदार उतरवून त्या पास व्हायच्या. पोरग्यांना फळ्यावरचं कळेना, मग ते शेजाऱ्याला चिमटे काढत, गोरबोलीत ओरडत आणि बाहेर जात. बाहेर नाला होता, म्हशी होत्या, चिंचा होत्या. ही कसली शिक्षा! हे तर बोलावणंच. गुरुजी दरवर्षी पटावरच्या चार-दोन पोरांच्या नावावर रेघ मारत आणि म्हणत, "पोरांचं डोकंच नाही शिकायचं."

अहो, डोकं कसं नसेल? आठ वर्षांच्या बादलचंच घ्या. होळीला तांड्यावर लेंगी रंगते. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. बैलांवर मीठ लादून मुलुख पालथा घालणाऱ्या पणज्यांची एक लेंगी होती, चांगली बारा कडव्यांची. ती हा एवढासा पोरगा मोठ्या माणसांत उभा राहून एका दमात म्हणायचा. वर्गात मात्र चार ओळींची कविता येईना. एकदा गुरुजींनी त्याला वही मागितली. "छेनी," तो म्हणाला. म्हणजे नाही.

"बाहेर."

तीन दिवस तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. चौथ्या दिवशी आलाच नाही. गुरुजी बोलवायला गेले नाहीत. पुढे त्यांची बदली झाली.

पांढरकवड्याकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, त्यांना अंगणवाडीची शकुबाई भेटली. एक दिवस "ही पोरं मुकी आहेत का?" म्हणून ते करवादले, तेव्हा ती पदरात हसली. "पोरं मुके नाईत गुरुजी, तुमीच बह्यरे आहा." हे बोल त्यांना झोंबले. पण माणूस मनापासून चुकणारा तसा मनापासून शिकणाराही. त्या वर्षी त्यांनी पोरांचीच गाणी, पोरांचीच कोडी फळ्यावर लिहिली. आपल्या तोंडातलं फळ्यावर उमटलेलं पाहून पोरं पुढे सरकून बसली. मागच्या भिंतीला टेकणारे टगे खडूसाठी भांडू लागले. आणि तेव्हा गुरुजींना बादल आठवला. मग तो आठवतच राहिला.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना त्यांनी हट्टानं तोच तांडा मागून घेतला.

जूनमध्ये बादल आपला पोरगा घेऊन आला. आता तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होता. पोराचं नाव राजकुमार.

"गुरुजी, याची फिकर करू नका," बादल मोठ्या अभिमानानं म्हणाला. "याच्यासंगं घरात सारे मराठीच बोलतेत. गोरबोली बंद. याच्या मायले ताकीद हाय, बुढीलेबी हाय."

गुरुजी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले.

पाहिलं तर ऐकल्याहून वाईट. बादलचं मराठी बाजारापुरतं. पोराशी बोलायला त्याच्याकडे शब्द तरी किती? बस, ऊठ, जेव, चूप. तेवढ्या शब्दांत ते लेकरू सात वर्षांचं झालं होतं. आजी बसंतीबाईला तर तेवढंही येत नव्हतं. ती नातवाला जवळ घेऊन नुसती थोपटत बसायची. बोलली की लेक ओरडायचा.

वर्गात गुरुजींनी तीच बारा कडव्यांची लेंगी घेतली. ती बसंतीबाईकडून उतरवून घेतली, तेही बादल शेतावर असताना. बाकीची पोरं वाक्यंच्या वाक्यं वाचू लागली. राजकुमार फळ्याकडे बघत बसायचा. त्याला ना फळ्यावरचं ओळखीचं, ना पुस्तकातलं.

गुरुजी बादलकडे गेले. "एक लेंगी शिकव लेकराले. तुझ्या तोंडची."

"विसरलो, गुरुजी."

"माझ्यानं चूक झालती रे बादल. तुले बाहेर उभं करायले नव्हतं पाह्यजे."

"कायची चूक?" बादल खरंच गोंधळला. "तुमी बराबर होते. म्याच ठोंब्या निघालो. म्हनून तं याले पह्यलेपासून मराठी लावून राह्यलो."

त्यानं शिवी दिली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं. 

मार्चअखेर निवृत्ती. त्याआधी होळी आली, आणि गुरुजींना शेवटची एक युक्ती सुचली. शाळा सुटायच्या वेळी बादल पोराला न्यायला यायचा, तेव्हा त्यांनी वर्गात लेंगी सुरू केली. ओळ ते टाकत, पोरं झेलत. अकरावं कडवं त्यांनी मुद्दाम गाळलं. दहाव्यावरून सरळ बारावं. पोरांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि दाराकडे पाहिलं. लेंगी येणारा माणूस गाळलेलं कडवं ऐकून घेत नाही. तांड्यावर तर कडवं गाळणाऱ्याला हाताला धरून खाली बसवतात.

बादल उंबऱ्याबाहेर उभा होता. ऊन तापलं होतं, तरी तो आत येत नव्हता. जूनमध्येही तो बाहेरूनच बोलला होता. इतक्या वर्षांत तो उंबरा त्यानं ओलांडलाच नव्हता, हे गुरुजींच्या आत्ता ध्यानात आलं.

त्याचे ओठ हलत होते. गाळलेलं कडवं आवाज न करता त्यानं शब्दन्‌शब्द पुरं केलं. गुरुजींनी स्वतः पाहिलं.

"बादल, काही राह्यलं का रे? चुकलो का मी?"

बादलनं मान खाली घातली. "बराबर हाय, गुरुजी."

"नीट सांग, बाप्पा. मी चुकतो कधी कधी."

"बराबर हाय."

मागच्या ओळीतून राजकुमार उठला. दप्तर पाठीला लावलं, गुरुजींसमोर हात बांधून उभा राहिला आणि बापाकडे बघत, बापाच्याच सुरात म्हणाला, "बराबर हाय, गुरुजी."

वर्षभरात त्या लेकराच्या तोंडून शाळेत निघालेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. बाहेर बापाचा चेहरा अभिमानानं फुलला. किसनराव गुरुजी पोरांसमोर कधी रडले नव्हते. त्या दिवशी ते फळ्याकडे तोंड करून रडले, आणि बापलेक ट्रॅक्टरवर बसून घरी गेले.