चाचीची शेगडी

"मेहरूनचाची गेली वं..." दारव्ह्याहून आईचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला भाजी फोडणीला टाकत होते. गॅस बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. महिना होत आला, अजून कशातच जीव रमत नाही. घासलेली भांडी परत घासते. नवरा म्हणतो, शेजारीणच तर होती. शेजारीण! काय सांगू या माणसाला?

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, दारव्ह्याला. त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल करत बाबांनी सगळा कापूस घरातच भरून ठेवलेला, थेट माझ्या खाटेच्या उशापर्यंत. बाळंतिणीला शेक तर हवाच, पण कापसाच्या घरात निखारे कोण आणणार? एक ठिणगी उडाली की घर खाक. म्हणून माझी शेगडी भिंतीपलीकडच्या मेहरूनचाचीकडे लागली. रोज सकाळी कान बांधून, लेकराला पोटाशी धरून मी तिच्याकडे जायची.

घरी मला रडायची बंदी होती. डोळ्यांत पाणी दिसलं की आई, आत्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या एकच म्हणायच्या, "रडू नको, दूध आटते." मायेनंच म्हणायच्या, पण मी आतल्या आत कुढायची. झोप उडालेली, लेकरू रडलं की अंगावर काटा यायचा. चाचीनं ते लगेच हेरलं. दाराला आतून कडी घातली, मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रो ले बेटा. दूध कुठी जात नाही."

एक दिवस मी बोलून गेले, "चाची, मले हे लेकरू नको वाटते. विहिरीजवळ गेली का भेव लागते... माह्यंच."

चाचीनं तोबा तोबा केलं नाही. निखारे सारखे करत म्हणाली, "मलेही असंच झालतं. मले कोणी इचारलं नाही."

दुसऱ्याच दिवशी 'लेकराचं पोट दाखवून आणतो' असं घरी सांगून तिनं मला जीपमध्ये बसवलं आणि यवतमाळला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. घरी कळलं तर गावभर बोभाटा, म्हणून त्या चाचीच्याच फडताळात राहायच्या. शेकायला गेले की घ्यायची.

आणि नेमका तेव्हाच कापूस विकला गेला! आई म्हणाली, आता शेगडी घरीच लावू. मी लगेच जाऊन चाचीला सांगितलं. चाची पदर खोचत आली. "नाही वं बाई, हिची कंबर अजून कच्ची हाये. माह्याकडेच धाडा."

उन्हाळा लागला, रस्त्यावर कुत्रं दिसेना, तरी माझी कंबर कच्चीच! शेगडीत तेव्हा निखारा नसायचाच. कोणी डोकावलं तर दिसावी म्हणून ती मधे ठेवलेली. मी गोळी घ्यायची, मग आम्ही दोघी बोलत बसायचो. एका सकाळी मुलगी माझ्याकडे पाहून हसली, मीही हसले... आणि चाचीच हमसून हमसून रडली.

चाची गेल्यावर तिच्या सुनेनं ती शेगडी मला दिली. घरात आणली, गच्चीवर ठेवली, पुन्हा खाली आणली. ती कुठेही ठेवली तरी मला चैन पडेना. खालच्या मजल्यावरची स्वाती नुकतीच बाळंत झालीय. भिंतीकडे तोंड करून पडून असते. काल शेगडी उचलली आणि खाली गेले. तिच्या आईला म्हटलं, "हिची कंबर कच्ची आहे. मी रोज येत जाईन शेकायला."

आत खोलीत स्वातीनं शेगडीत डोकावून पाहिलं. "ताई, निखारे कुठायत?"

"आणते ना," म्हटलं, आणि दाराला आतून कडी घातली.