छत्रीचा नेम

आमच्या घरमालकांइतका निष्णात शिकारी कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, असे मी अजूनही मानतो. त्यांच्या हातून एकही पाखरू मेल्याचे माझ्या पाहण्यात नाही, ही गोष्ट या मताच्या आड येऊ नये. शिकारीला बंदी आली तेव्हा त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि आठवड्याभरात शिकार पुन्हा सुरू केली, ती छत्रीने. नव्वद सालच्या सुमारास मी त्यांचा भाडेकरू झालो आणि माझ्या भिडस्तपणामुळे या शिकारीतही ओढला गेलो. दिवाळी आटोपून साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की एका रविवारी ते स्कूटरवर पुढे कुत्रा उभा करीत, मागे मला बसवीत आणि बिद्रीच्या पुढचा एक खडकाळ माळ गाठीत. कुत्र्याचे नाव हवालदार. त्याचे वडील मुधोळचे होते. आईविषयी घरमालक बोलत नसत.

या शिकारीचे नियम कडक होते. गवतात दडलेल्या तित्तराचा वास येताच हवालदाराने पुढचा एक पाय उचलून स्तब्ध उभे राहायचे. मग पाखरू उडाले, की घरमालक छत्री खांद्याला लावून हलक्या आवाजात "ठो" म्हणत. हवालदाराने आधी पाय उचलला नसेल, तर "ठो" म्हणायचे नाही. यानंतर ते माझ्याकडे वळत. "लागला का न्हाय, सर?" मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे, पण न झाडलेली गोळी उडून गेलेल्या पक्ष्याला लागली की नाही, हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्या शास्त्राने मला दिले नव्हते. एकदा भीत भीत "चुकला असावा" म्हणालो. "असावा म्हंजे? डोळं मिटून हुबा हुतासा काय?" एवढे विचारून ते घर येईपर्यंत बोलले नाहीत. पुढच्या खेपेस मी तत्परतेने "लागला" म्हटले, तर म्हणाले, "उगं खोटं बोलू नका. हातभर मागनं गेला की." आपण नेमके कशाचे साक्षीदार आहोत, हे मला कधीच उमगले नाही.

हवालदार तेरा वर्षांचा झाला, त्या वर्षी काकूंनी, म्हणजे घरमालकांच्या पत्नीने, निर्वाणीचे सांगितले. "गेल्या साली माळावरनं आला, तर चार दिस उठला न्हाय त्यो. औंदा एकबी पाखरू हुडकलं न्हाय, तर पुन्यांदा न्यायचं न्हाय. सर, तुम्ही खरं सांगायचं."

दुपारपर्यंत आम्ही हिंडलो. एका काटेरी झुडपात तित्तर ओरडत होते. ते मलासुद्धा ऐकू येत होते. हवालदार झुडपाच्या अगदी कडेने पुढे गेला आणि माझ्या बुटाचा बराच वेळ वास घेत राहिला. चपलेचा अंगठा नीट करतो आहोत असे दाखवत घरमालक वाकले, एक खडा उचलला आणि झुडपात भिरकावला. फडफडत पाखरू उठले. हवालदार दचकला, त्याने काही क्षण विचार केला आणि मग पाय उचलला, तोंड मात्र उलट दिशेला. घरमालकांनी छत्री खांद्याला लावली होती. ती त्यांनी "ठो" न म्हणताच खाली घेतली.

"पाय उचलला हुता न्हवं, सर?"

"उचलला होता," मी म्हणालो. शब्दशः ते खरेच होते.

परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागे बसून मी हेच वाक्य मनात घोकत होतो. दारात काकूंनी विचारताच एका दमात म्हणून टाकले, "एक तित्तर उठले, आणि हवालदाराने पाय उचलला होता." त्यांचा चेहरा खुलू लागला, तोच घरमालक चपला काढता काढता म्हणाले, "खडा मी मारला."

मी कोणाकडे पाहावे, ते मला कळेना. एवढे सगळे जुळवून आणल्यावर त्यांनी ते का सांगावे, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. काकूंनी कोमट पाणी आणले आणि हवालदाराचे पाय मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या.

पुढच्या दिवाळीनंतर मी धीर करून विचारले, "काका, या खेपेला आपण दोघेच जाऊन यायचे का?" हवालदार त्यांच्या पायांशी झोपला होता.

"स्कूटर चालू केली, की उठून हुबा ऱ्हाईल त्यो," ते हळूच म्हणाले.

त्या हिवाळ्यात ते बाजारालाही चालत जात.