ग्लासगोच्या हॉलमध्ये रूथचा हट्ट

सगळ्यांत आधी दारात हजर कोण, तर ग्रेस! डोक्यावर रुंद काठाची टोपी, पाठीवर गिटार, आणि आमची सुजाता अजून केसच पुसतेय. ग्रेस ही मिल्टन कीन्समधली आमची शेजारीण. आजोळ जमैकाचं, नोकरी केअर होममध्ये, जीव सगळा कंट्री गाण्यांत. शेतं, घोडे, आईची आठवण, असली ती गाणी. मी एकदा विचारलं, "बाई, ही तर गोऱ्यांची गाणी ना?" तर म्हणाली, "आजी, बँजो आफ्रिकेतला. गुलाम करून नेलेल्या आमच्या माणसांबरोबर गेला." वाद्य यांचं आणि स्टेजवर यांनाच जागा नाही! आता हे नागपूरच्या बाईला काय समजावून सांगायचं? तिचं गाणं ऐकायला ग्लासगोला निघालेल्या लेकीला म्हटलं, मीपण येते.

गाडीने आधी एम-वन, मग एम-सिक्स हायवे. थांबत गेलात तर सात तास धरा. हायवेकाठच्या सर्व्हिसेसवरचा चहा महाग आणि पाणचट, थर्मास न्याच. माझे मेथीचे पराठे निघाले तशी ग्रेसने लोणच्याची बाटलीच मांडीवर घेतली. खाता खाता म्हणाली, "यंदा कुठे गायला बोलावलं नाही तर गिटार विकून टाकते." मी आणखी एक पराठा तिच्या हातात दिला. पुढे स्कॉटलंडच्या टेकड्या लागल्या, अशा हिरव्या की मी बोलायचीच थांबले. सुजाता घाबरून म्हणते, "आई, बरं नाही का वाटत?"

ग्लासगोत चर्चमागच्या हॉलमध्ये ठिकठिकाणचे काळे गायक जमलेले. त्यांची एक रीत आहे. ज्याला बोलावणं येईल त्याने अजून जागा न मिळालेल्या एकाला सोबत न्यायचं. ग्रेस गायली. शब्द थोडेच कळले, पण अंगावर काटा आला, बाप्पा! मग फेस्टिव्हलवाले एक साहेब उठून रूथकडे गेले. रूथ त्यांच्यातली थोरली, नाव झालेली. पुढचं सुजाता माझ्या कानात सांगत होती.

"समरच्या फेस्टिव्हलला तुम्ही आम्हाला हव्यात."

"मी आणि ग्रेस."

"जागा एकाच गायिकेची आहे."

"मग ग्रेस गाईल. मी मागे गिटार वाजवते."

"मॅडम, लोक तुमच्यासाठी तिकीट काढतात!"

"काढू देत की. मी दिसेनच ना त्यांना!"

हॉल हसला. साहेब मान चोळत फोन करायला बाहेर गेले. ग्रेसने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. ते परत आले, म्हणाले, "चालेल." ग्रेस तिथेच जमिनीवर बसली आणि रडली.

भीमगीतांच्या गायन पार्ट्यांत नव्या पोराला माईक देणारे मी पाहिलेत. पण आपलं नाव मागे ठेवून देणारी? पहिल्यांदाच.

रात्रीच्या मुक्कामाचं बी-अँड-बी साधं पण उबदार होतं. नाश्ता व्हेज हवा तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

घरी आल्यावर टेकड्या पुसट झाल्या, "मग ग्रेस गाईल" एवढं कानात राहिलं. रविवारी लंडनला जाताना रूथ आणि तिची माणसं आमच्याकडे जेवायला थांबली. मी म्हटलं, "आमच्या बाबासाहेबांच्या जयंतीला गाल का? स्टेज लहान आहे, माईक खरखरतो."

रूथने विचारलं, "जागा किती जणांना?"

"आणाल तेवढ्यांना."

यायचं कबूल करून गेलेत सगळे, चौदा एप्रिलला.