गुण्यावरचं लिंबू

आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी मिळायचं. पण तोच पाहुणा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत शिरला, तर आधी हात पुसायला फडकं मिळायचं. ती खोली वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणतो. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, आणि घरी त्यांनी तीच टूलरूम छोटी करून मांडली होती. घामट हात लोखंडाला लावायचा नाही, हा तिथला कायदा. माझे हात तर आईवर गेलेले, खारट, असं त्यांचं निदान होतं. लहानपणी एकदा मी त्यांची छिन्नी हातात घेऊन परत ठेवली आणि आठवड्याने त्यांनी मला बोलावून तिच्यावरचा माझ्या अंगठ्याचा तांबडा ठसा दाखवला. पोलीससुद्धा इतका पुरावा गोळा करत नसतील.

गंजाविरुद्ध त्यांची लढाई बारमाही होती. रॉकेलचा डबा, जुना टूथब्रश, बनियनची फडकी, मशीनचं तेल. कानशींच्या खणात ओल ओढून घ्यायला खडूचे तुकडे. पावसाळ्यात दर रविवारी सगळी अवजारं बाहेर निघायची, पुसली जायची, तेल पिऊन परत आत जायची. इतर मुलींचे वडील रविवारी त्यांना संभाजी बागेत नेत. मी पान्हे पुसत असे. मला याचा मनापासून वैताग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

फक्त एका वस्तूसाठी मी त्या खोलीत आपणहून जायची. ती म्हणजे गुण्या. काटकोन तपासायचं ते साधंसं हत्यार, एक जाड दांडा आणि त्यात बसवलेलं पोलादी पातं. शिकाऊ उमेदवार असताना दादांनी तो स्वतः कानशीने घासून केला होता, आणि तो पाहूनच त्यांना टूलरूममध्ये घेतलं गेलं. तो तपासायची रीत मला फार आवडायची. फळीच्या सरळ कडेला दांडा टेकवायचा, पात्याच्या बाजूने टोकदार शिसपेन्सिलीने रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. कोन खरा असेल तर दोन्ही रेघा एकच होतात. दादांच्या गुण्याची कायम एकच रेघ दिसायची. मी तो कितीदा तरी मागितला. "चालवायला शीक, मग ने," एवढंच उत्तर. मी संगणक शिकले.

टूलरूममध्ये संगणकावर चालणारी यंत्रं आली, दादांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि साधारण त्याच सुमारास मी हिंजवडीत नोकरीला लागले. कोथरूडला भाड्याचा फ्लॅट घेतला. दादांनी माझं काम एकदाच विचारलं. मी बराच वेळ समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे हाताला काहीच लागत नाही." मला राग आला.

एका वर्षी नवरात्रात आमच्या एचआरची मेल आली. खंडेनवमीला ऑफिसात पारंपरिक दिवस. प्रत्येकाने घरातलं एक जुनं अवजार आणायचं, पूजा होईल, उत्तम मांडणीला बक्षीस. आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून पूजा नाही. कारखान्यात खंडेनवमीला सगळी यंत्रं हळदीकुंकवाने माखायची, झेंडूच्या माळा चढायच्या, नारळ फुटायचे. दादा आदल्या दिवशीच आपली पेटी घरी आणायचे. कोणी विचारलं तर धर्माची गोष्ट काढायचे नाहीत. "लोखंडाला ओलं सोसत नाही," एवढंच म्हणायचे.

तरीही मी मागायला गेले. मला वाटलं होतं, उडवून लावतील. पण त्यांनी पेटीतून गुण्या काढला आणि विचारलं, "तुमच्या लोकांना बघायचाय हा?" त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला तेव्हाच कळलं. त्यांनी गुण्या बटरपेपरमध्ये गुंडाळला, वर फडकं बांधलं. "बघू देत. ओलं काही लावायचं नाही. कुंकू नको, फूल नको. सांगशील ना?"

"सांगेन की."

इतकं सोपं काम होतं.

त्या दिवशी सकाळी मी गुण्या मांडणीच्या टेबलावर ठेवला, शेजारी शिसाने मारलेल्या एका रेघेचा कागद ठेवला, आणि नेमका क्लायंटचा फोन आला. तासाभराने बाहेर आले तो पूजा उरकली होती. कोणाच्या आजीचा अडकित्ता, कोणाचा कीबोर्ड, कोणाचा माउस, आणि मधोमध दादांचा गुण्या. त्यावर ओल्या कुंकवाची पाच बोटं, झेंडूचं फूल, आणि दांडा-पातं जुळतं त्या कोपऱ्यात कुंकू भरलेलं अर्धं लिंबू, रसाची बाजू खाली करून. नारळाचं पाणी सगळीकडे शिंपडलेलं. आमचे मोठे साहेब मला म्हणाले, "अहो, काय सुंदर पीस आहे! तुमच्याकडेही पूजा करतात का याची?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी "हो" म्हणाले.

त्या "हो"चा मला आजही संताप येतो. लिंबू उचलायचं, रुमालाने पुसायचं, दोन मिनिटांचं काम. पण पूजेवरचं लिंबू सगळ्यांदेखत उचललं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि एकदा सांगायला लागलं की कुठवर सांगायचं? म्हटलं, संध्याकाळी सगळे गेले की पुसू. संध्याकाळी पुन्हा फोन आला, तो आटोपेपर्यंत कंपनीची बस सुटायला आली आणि मी पळाले. तो गुरुवार होता. शुक्रवारी दसरा, मग शनिवार-रविवार.

दसऱ्याला दादांबरोबर विहारात गेले. परतताना त्यांनी विचारलं, "आवडला का लोकांना?"

"खूप. बक्षीस मिळालं," मी म्हणाले. ते खरं होतं. ते एवढे खुशीत होते की रस्त्यात भेटलेल्या तिघांना त्यांनी सांगितलं.

सोमवारी लिंबू उचललं तर खाली काळपट तांबडा चट्टा, आणि पात्यावर कुंकवाच्या पाच बोटांच्या जागी गंजाची पाच बोटं. तेव्हाही गुण्या तसाच घेऊन विश्रांतवाडीला जायला हवं होतं. दोन शिव्या खाऊन सुटले असते. पण मला चूक दुरुस्त करायची होती, म्हणजे मला ती लपवायची होती. कोथरूडच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि बाल्कनीत बसून घासायला लागले. सपाट बाजू लवकर साफ झाल्या. कोपऱ्यातला चट्टा काही हटेना, म्हणून पेपर बोटाला गुंडाळला आणि पात्याच्या कडेवरून दातओठ खात वर-खाली चालवला. डाग फिका झाला. मग उरलेली कडसुद्धा चकचकीत केली, सगळं सारखं दिसावं म्हणून. तेल लावलं. गुण्या नव्यासारखा दिसायला लागला आणि मी स्वतःवर खूश झाले.

रविवारी परत केला. दादांनी आधी हात पुसले, मग बटरपेपर सोडला. चमक बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फळी घेतली, दांडा टेकवला, रेघ मारली. उलटा केला, दुसरी मारली. खालच्या टोकाला रेघा एक होत्या. वर जाता जाता सुटल्या, आणि टोकाला दोघींच्या मध्ये फट पडली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मारल्या. पुन्हा फट.

मी सगळं सांगून टाकलं. लिंबू, फोन, साहेब, माझं "हो", पॉलिश पेपर. मला वाटलं, ओरडतील.

"गंज लागला तर लागू द्यायचा होतास," ते म्हणाले. "डाग राहिला असता. डागाने कोन बिघडत नाही."

"परत करता नाही येणार का नीट? तुम्हीच केला होता ना?"

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. किती दिवसांपासून ती थरथरत होती कोण जाणे, मी पाहिलंच नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही, माझाच राग आला, आणि त्यांचाही. एकदा तरी ओरडायचं होतं!

त्यांनी गुण्या पुसला, तेल लावलं, बटरपेपरमध्ये गुंडाळला, वर फडकं बांधलं. सगळं नेहमीच्या क्रमाने. मग तो त्यांच्या पेटीत न ठेवता माझ्या हातात दिला.

"घेऊन जा," ते म्हणाले. "मागत होतीस ना."