ताईची चालण्याची टेस्ट

ताई आज सकाळी गेली. सरकारी कागदाप्रमाणे ती चालू शकत होती.

सुमनताई, माझी थोरली बहीण. तुमच्यातले बरेच जण तिला गावच्या दूध डेअरीत भेटले असतील. खिडकीपाशी बसून ती दुधाचं फॅट तपासायची. दुधात पाणी असलं की मान वर न करता विचारायची, "काका, म्हैस आडात पडलती का आज?"

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. गावात लोक वात म्हणायचे.

या आजारात नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही. अंग तापलं की आणखीच पोचत नाही.

थंडीत ती काठीशिवाय डेअरीत जायची. एप्रिलमध्ये तिला उंबरा ओलांडता यायचा नाही.

हे कुणाला सांगून पटायचं नाही. "कालच तर चालत होती की," म्हणायचे.

मग तो दुष्काळ आला. गावातली जनावरं माळावरच्या चारा छावणीत गेली. दूध तिथंच निघायला लागलं, म्हणून डेअरीही तिकडे गेली. पत्र्याच्या शेडमध्ये.

ताईची जुनी खोली दगडी होती, थंड. तिथं आता फक्त ऑफिसचं काम उरलं होतं. एका माणसाचं.

डेअरीचे चेअरमन घरी आले. म्हणाले, "ताई, अपंगाचं सर्टिफिकेट आना. मंग तुमाला खुर्चीवरून कुनी उठवनार न्हाई. नुसत्या माझ्या शब्दावर संचालक ऐकनार न्हाईत."

आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं एका लांब हॉलमध्ये फरशीवर दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत जमेल तितकं भरभर चालायचं. डॉक्टर स्टॉपवॉच घेऊन उभे.

हॉलला एसी होता.

ताई चालली. सर्टिफिकेटला लागतात तितके अपंगत्वाचे टक्के भरले नाहीत.

मी डॉक्टरांना म्हणालो, "सर, यांना बाहेर उन्हात चालवून बघा."

"पडल्या तर?" ते म्हणाले. "तुम्ही सांगताय ते खरं आहे. हा आजार असाच असतो. पण मला जे दिसतं तेच मी लिहू शकतो." माणूस चांगला होता. पुन्हा तपासायला बोलावलं त्यांनी.

दुसऱ्या वेळी मी ताईला आधी दवाखान्याच्या आवारात उन्हात बसवलं. भर दुपारी, अंगावर शाल टाकून.

"पापडावानी वाळत घालतोस का रं मला?"

"थोडा वेळ बस. पाय गेले की आत जाऊ."

"लोकं पाय यावेत म्हनून दवाखान्यात येतात, पक्या."

पाय गेले. डावा आधी, मग उजवा. मी तिला काखेत धरून अक्षरशः ओढत आत नेलं. मला आनंद झाला होता. दुसरा शब्द नाही.

"बसा, बोलावतो," खिडकीवरचा माणूस म्हणाला. पुढे बरीच माणसं होती.

आम्ही एसीत बसलो.

मी तिच्या पायांकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं चपलेत अंगठा हलला. तिनंही पाहिलं.

"पक्या, आले."

"कोण?"

"पाय."

मी तिला परत बाहेर न्यायला उठलो. तेवढ्यात नाव पुकारलं.

मी हळूच म्हणालो, "ताई, जरा अडखळत चाल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चालाया येतंय तर कसं न्हाई चालू? कितीक दिसांनी आलेत ते."

तिनं पदर खोचला आणि निघाली. दुसऱ्या पट्टीपाशी वळली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच ती कुणाचा हात न धरता चालत होती. तिला आवडत होतं.

ती थांबावी असं मला वाटत होतं. आणि थांबू नये असंही.

परतीच्या एसटीत पत्रा तापलेला. चौसाळ्याच्या स्टँडवर तिला उठताच येईना. मी आणि कंडक्टरनं तिला उचलून खाली घेतलं.

"काय झालं बाईला?" कंडक्टरनं विचारलं.

"काय न्हाई दादा," ताई म्हणाली. "पास झाले."

चेअरमननी कागद वाचला. पुन्हा वाचला. "ह्यात तर चालतंय म्हनून लिहिलंय, ताई. मी काय करू?"

ऑफिसची खुर्ची दुसऱ्याला गेली. ताई छावणीवर गेली. पहिल्याच दिवशी दुपारी शेडमध्ये स्टुलावरून घसरून पडली. धारा काढायला आलेल्या माणसांनी तिला बाजेवर घालून घरी आणलं. त्यानंतर ती कामावर गेली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मानेवर ओला टॉवेल ठेवत जा, अंग थंड ठेवा. गावात टँकर यायचा तेव्हा. मी टॉवेल भिजवला की ती पिळून पाणी हंड्यात परत टाकायला लावायची. "जनावरं तडफडत्यात अन मी मानंवर पानी ठिवू?"

पुढे पाऊस झाला. छावणी उठली, डेअरी गावात परतली. पण तोवर तिचे पाय थंडीतही येईनासे झाले होते. मग हात गेले, मग गिळणं. शेवटी छातीत कफ धरला.

घरात माणसं जमलीत. चुलते म्हणाले, "बारापतूर उरकून घिऊ."

मी म्हणालो, ऊन उतरल्यावर नेऊ.

"आता कावून थांबायचं? तिला काय फरक पडतोय, पक्या?"

काहीच पडत नाही.

तरी सगळ्यांना थांबवून ठेवलंय. अंगणात माणसं घाम पुसत बसलीत.

ज्यांना यायचंय त्यांनी संध्याकाळी सहानंतर आमच्या शेतात या.

ताई, तुला शेवटचा नमस्कार.