रुखवतातून काढलेले सरगुंडे

घुग्घुसमध्ये पांढरी वस्तू उघड्यावर वाळत घालायची सोय नाही. सकाळी टाकलेली चादर दुपारपर्यंत राखाडी होते. एकीकडून कोळशाचे ट्रक, दुसरीकडून सिमेंटची भुकटी. म्हणून सत्यशीलाबाई सरगुंडे वाळवायच्या त्या घरात, पलंगावर, वरून मच्छरदाणी लावून. सरगुंडे वाळेपर्यंत त्यांच्या नवऱ्याचा, बापूरावांचा, मुक्काम पडवीतल्या खाटेवर असे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवत, "आमच्या घरी सरगुंड्याइले मच्छरदाणी, अन् माणसाले मच्छर!"

सरगुंडे हे लग्नघरचं काम. रवा-मैद्याचं पीठ घट्ट मळायचं, त्याची बारीक दोरी वळायची, ती काडीभोवती गुंडाळायची आणि अलगद सरकवून काढायची. वाळली की ती कुरळ्या बटेसारखी दिसते. शिजवून आंब्याच्या रसात खातात. कॉलनीत कुठेही लग्न निघालं की बायका काड्या घेऊन सत्यशीलाबाईंच्या दारात येत. बाई बी.ए. झालेल्या, खाजगी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पण कॉलनीत "मॅडम" म्हणून त्यांना फारसं कोणी ओळखत नसे. "सरगुंडेवाली बाई" म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवायचं. त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. तिथे कोणाच्या घरी कोणता देव आहे, आपल्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरीही पीठ एकाच परातीत मळलं जात होतं.

त्यांची मुलगी खुशबू डब्लिनला नर्स होती. त्या शहरात नोकरी मिळते, पण राहायला खोली मिळत नाही. सुरुवातीला खुशबू एका घरात पाच जणींबरोबर राहिली. एकीची रात्रपाळी असली की दुसरी तिच्या गादीवर झोपायची. मग हॉस्पिटलच्या लॅबमधली माधवी तिला आपल्या घरी घेऊन गेली. माधवीचे आईवडील नाशिककडचे, तिकडे जाऊन जुने झालेले. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. त्या दिवसापासून सत्यशीलाबाईंच्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला होता : "त्यायचे उपकार विसरू नको बाई. भांडी घासू लाग. उशिरापर्यंत लाइट जाळू नको."

माधवीचं लग्न ठरलं तेव्हा खुशबूचे पाय जमिनीवर ठरेनात. ड्यूटीवरून आली की ती खालीच. अंतरपाटावर तिने मोर रंगवले. माधवीच्या आईबरोबर पापड लाटले. रुखवतासाठी मोत्यांची तोरणं ओवली. व्हिडिओ कॉलवर माधवीची आई हसून म्हणाली होती, "ताई, तुमची मुलगी आता आमचीच झाली हं." त्याच कॉलमध्ये मागच्या मच्छरदाणीतले सरगुंडे माधवीला दिसले. "काकू, ते काय आहे? मला रुखवतात ते हवंच!"

सत्यशीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी पीठ मळायला घेतलं. शेजारची मोनाली मदतीला आली. "मॅडम, आपले सरगुंडे विमानात बसून राह्यले. आपण अजून नागपूरच्या पुढे नाई गेलो," असं म्हणत तिने काड्या फिरवल्या. तुटलेला एकही नग बाईंनी डब्यात जाऊ दिला नाही. मोठ्या पारदर्शक डब्यात कापूस घालून, थर लावून, तिकडे निघालेल्या एका ओळखीच्या नर्सबरोबर तो पाठवला. पोहोचल्याचा फोटो आला. रुखवताच्या टेबलावर, मधोमध, आपला डबा! बापूरावांनी तो फोटो पानठेल्यावरच्या सगळ्यांना दाखवला.

लग्नाच्या आधी माधवीची कमलाआत्या भारतातून तिकडे गेली. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना आत्याने खुशबूला प्रेमाने विचारलं, "तुमच्या विदर्भात लग्न कसं असतं गं?"

खुशबूला लपवायचं काही माहीतच नव्हतं. तिने उत्साहाने सांगितलं. आमच्यात नवरा-नवरी पांढरे कपडे घालतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात, बुद्धवंदना होते, मुहूर्त बघत नाही, सगळं तासाभरात आटोपतं. माझ्या आईचं लग्न तर खाणीतल्या पाळीच्या वेळेनुसार लावलं होतं, म्हणजे बाबांना पुढच्या पाळीला जाता यावं.

"छान, छान," आत्या म्हणाली आणि ताक प्यायली.

कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. हेच सत्यशीलाबाईंना पुढे सगळ्यांत जास्त झोंबलं. शिवी दिली असती तर निदान धरायला काही हाती आलं असतं.

दुसऱ्या दिवशी माधवीच्या आईने खुशबूला सांगितलं, "हळद दळायला बायका खूप झाल्या गं. तू फोटो काढ. तुझा हात चांगला आहे." त्यानंतर पुरणाच्या स्वयंपाकाच्या दिवशी, "तू ड्यूटी करून दमतेस, वर जाऊन पड." अंतरपाट घडी घालून आत्याच्या खोलीतल्या कपाटात गेला. टेबलावर मधोमध डबा होता, तिथे काजूकतलीचा मोर आला. खुशबूने विचारलं तर माधवीची आई म्हणाली, "अगं, प्रवासात तुकडे झाले होते. रुखवतात तुटलेलं ठेवत नाहीत."

खुशबूने ड्यूटीला निघण्याआधी हे आईला सांगितलं. घुग्घुसमध्ये दुपार होती. सत्यशीलाबाईंच्या तोंडातून आलं ते नेहमीचंच : "असू दे. फोटो तर फोटो. भांडू नको. तिथी तुझं आहे कोण?"

बापूरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काऊन भांडू नये? माह्या पोरीनं काय त्यायचं घर उचलून आणलं?"

"तुम्ही चूप बसा जी. थंडीत पोरीले खोली कोण देईन?"

मग माधवीच्या घरी आठवड्याला साफसफाईला येणारी एक परदेशी बाई खुशबूला जिन्यात भेटली. तिने हसून आभार मानले. इथल्या मॅडमनी मला एक मोठा डबा दिला, ती म्हणाली, आतलं फार सुंदर आहे, एकसुद्धा तुटलेलं नाही. हे तुमच्याकडचं आहे ना? पास्तासारखं उकळायचं की तळायचं?

खुशबूने तिला सरगुंडे कसे शिजवायचे ते नीट समजावून सांगितलं. नंतर ती वरच्या खोलीत गेली. मागोमाग माधवी आली. तिला सगळं माहीत होतं. ती खुशबूच्या गादीवर बसून रडली आणि म्हणाली, "मी मानते का गं असलं? तुला माहितीये ना मी कशी आहे. आत्या लग्नानंतर जाईल. तेवढे दिवस सांभाळून घे ना. माझ्यासाठी."

"तू आईला काही म्हणालीस?" खुशबूने विचारलं.

"घरात लग्न आहे, खुशबू."

खुशबूकडून फोनवर हे ऐकताना सत्यशीलाबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गॅसवर दूध उतू गेलं तरी त्या हलल्या नाहीत. माधवीच्या आईने सरगुंडे फेकून दिले असते, तर बाईंनी स्वतःची समजूत घातली असती की खरंच तुटले असतील. पण देऊन टाकले. म्हणजे खायच्या लायक होते. कोणीतरी खावेत इतके चांगले होते. फक्त त्यांच्या घरात, त्यांच्या शुभकार्यात, त्यांच्या तोंडात नको होते. आणि ही माणसं तीस वर्षं परदेशात राहतात! परक्या बायकांच्या हातचं केक-पाव खातात, विमानातलं खातात. हजारो मैल गेले, पासपोर्ट बदलले, भाषा बदलली. हे एवढं मात्र सामानात नीट बांधून बरोबर नेलं.

"आई," फोनवर खुशबूचा आवाज बारीक झाला होता, "मी इथून जाऊ का? का लग्न होईपर्यंत थांबू? तू म्हणशील तसं."

सत्यशीलाबाईंच्या डोळ्यापुढे थंडी आली, एका गादीवर पाळीने झोपणाऱ्या मुली आल्या, अंधारात बसथांब्यावर उभी असलेली पोर आली. ज्या भीतीने त्या रोज फोन ठेवत, ती सगळी आली. त्यांनी गॅस बंद केला.

"जाशील कुठी?"

"माझ्याबरोबरची नर्स जिन्सी म्हणते, तिच्या खोलीत ये. केरळची आहे. बेड एकच आहे."

"झोपाले जागा आहे ना?"

"आहे."

"मंग नीघ. पण चोरावाणी नको निघू. खाली जाऊन सगळ्याइच्या समोर सांगून नीघ, काऊन चालली ते."

खुशबूने तसंच केलं. आत्या, माधवी, तिचे आईवडील, हॉलमध्ये फुलं निवडत बसलेल्या बायका, सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या पंधरा मिनिटांत घुग्घुसला फोन वाजला. माधवीची आई होती.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच समजवा तिला. लग्नघरातून माणूस असं बॅगा घेऊन निघालं की अपशकुन होतो."

"अपशकुन कसा होईल?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. शाळेत वापरायच्या तो आवाज त्यांनी लावला होता. "शकुनाच्या एकाही कामात तुम्ही तिला घेतलं नाही. हळदीत नाही, पुरणात नाही. जी त्यात नव्हतीच, ती गेल्याने काय बिघडणार?"

"अहो, आम्ही असलं काही मानत नाही. आत्याबाई जुन्या वळणाच्या, त्यांचं मन..."

"डबा आत्याबाईंनी उचलला?"

पलीकडे कोणीतरी दार लावलं.

"टेबलावरून डबा कोणी उचलला ताई?"

"मी," माधवीची आई म्हणाली. "पण..."

"मग आत्याबाईंचं नाव घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाच्या पदराआड किती दिवस उभ्या राहाल? आणि तुकडे झाले म्हणून सांगितलं माझ्या पोरीला. मी एक-एक नग तपासून भरला होता."

"तुम्ही विषय फार वाढवताय. माधवी किती रडतेय इथे."

"माझीही रडली. ती वरच्या खोलीत रडली, म्हणून तुम्हाला ऐकू नाही आलं." आता शाळेचा आवाज सुटला. "बाई, मी तुमचे उपकार मानत होती. रोज पोरीले सांगत होती, त्यायची भांडी घास. मलेच लाज वाटून राह्यली आता, का मी तिले वाकाले शिकवलं. लग्न करा, सुखानं करा. पण माह्या पोरीले पुन्हा 'आमचीच' म्हणू नका."

फोन ठेवला. त्यांनी लगेच खुशबूला लावला. ती बसच्या वरच्या मजल्यावर बसली होती, पायाशी दोन बॅगा.  ती पोहोचेपर्यंत बाईंनी फोन बंद करू दिला नाही. बसची घंटा वाजली, खुशबूची पावलं ओल्या फुटपाथवर वाजली, बॅगेचं चाक कशाततरी अडकलं, आणि शेवटी दार उघडल्याचा आवाज आला. मग एक अनोळखी आवाज हिंदीत म्हणाला, "अम्मा, पहुँच गयी. टेंशन नहीं लेने का. मैं खाना देती."

"जेवाले काय आहे, विचार," बापूराव मागून म्हणाले.

"भात आहे अन् मासे," खुशबू म्हणाली. मग मेसेज बघून, "आई, माधवीचा मेसेज आला. 'हळदीला तरी ये ना, प्लीज.' काय लिहू?"

"काहीच लिहू नको."

"एकदम काहीच नाही? मैत्रीण आहे गं."

"होती का नाई ते तिले ठरवू दे. बोलायची वेळ आली तेव्हा ते आपल्या मायजवळ बोलली नाई. तू कायले आता तिच्याशी गोड बोलतं?" सत्यशीलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "पह्यले जेव. भात थंडा होऊन राह्यला."